पित्ताशयाचा जन्मजात अभाव : ‘न दिसणे’ आणि ‘नसणे’

मनुष्याच्या यकृताच्या खालच्या पृष्ठाला चिकटून नासपतीच्या आकाराची जी लहान पिशवी असते तिला आपण पित्ताशय म्हणतो. तीत एका वेळी साधारणतः ३० ते ५० घनसेंटिमीटर पित्त मावते. यकृतातून आलेल्या पातळ पित्तातील पाणी व क्षार ती आपल्या भिंतीतून शोषून घेते, पित्त पाचपासून दहापट दाट करते, आणि स्निग्ध अन्न आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, उतरले की आकुंचन पावून ते तिकडे सोडते. हे सर्व पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. परंतु काही थोड्या मनुष्यांच्या शरीरात ही पिशवी मुळातच नसते. तिला सामाईक पित्तनलिकेशी जोडणारी पित्ताशयनलिकाही नसते. यकृत, पित्त वाहून नेणाऱ्या इतर नलिका आणि आतडे ही मात्र यथास्थित असतात. अशी माणसे जेवतात, पचवतात, वृद्ध होतात, आणि पुष्कळदा आपल्या देहातील ही उणीव न कळताच जगाचा निरोप घेतात. उणीव स्वतः घातक नव्हे. घात होण्याचा संभव उत्पन्न होतो तो शल्यविशारद शस्त्र हाती घेऊन त्या नसलेल्या अवयवाचा शोध करू लागतो तेव्हा. म्हणून हा विषय शरीररचनेतील एक कुतूहल एवढ्यावर सोडून देण्याजोगा नाही.

या अवस्थेची आधुनिक वैद्यकातील पहिली नोंद फ्रान्समधील लेमेरी यांनी १७०१ साली केली असे मानले जाते. तथापि कल्पना त्याहून फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांवरील आपल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की, एकाच जातीच्या प्राण्यांत काहींना पित्ताशय असते व काहींना नसते, आणि मनुष्यही यास अपवाद नाही. युबिया बेटाच्या एका भागातील मेंढ्यांना पित्ताशय नसते व नाक्सॉस बेटावरील मेंढ्यांचे ते फाजील मोठे असते, असेही त्याचे निरीक्षण आहे. मेंढ्यांविषयीच्या या विधानाची छाननी प्राणिशास्त्रज्ञांनी करावी. मनुष्याविषयीचे विधान मात्र खरे ठरले आहे.

प्राणिसृष्टीकडे पाहिले तर या अवयवावाचून निसर्गाचे फारसे अडत नाही असे दिसते. घोडा, गाढव, उंट, बहुतेक हरणे, हत्ती, कबूतर यांना पित्ताशय नाही. उंदराला आहे, पण त्याच्या जवळचा नातलग जो मोठा उंदीर, ज्याला आपण घूस किंवा प्रयोगशाळेच्या भाषेत रॅट म्हणतो, त्या गटातील प्रयोगशाळेतल्या जातीला नाही. जिराफाच्या बाबतीत तर एकात आढळावे व दुसऱ्यात आढळू नये असे घडलेले आहे. तेव्हा पित्ताशय हे सोयीचे कोठार आहे, जीवनावश्यक इंद्रिय नव्हे. दरवर्षी असंख्य रोग्यांचे पित्ताशय काढून टाकले जाते व ते सुखाने जगतात, यावरूनही हेच सिद्ध होते.

येथे परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते, कारण आपल्या विद्यार्थ्यांचा या ठिकाणी घोटाळा होतो. सुश्रुताने शारीरस्थानात सात आशय सांगितले आहेत आणि स्त्रियांच्या ठिकाणी गर्भाशय हा आठवा. त्या सातांत पित्ताशय आहे. परंतु तेथे अभिप्रेत आहे ते पित्त या दोषाचे अधिष्ठान. यकृताला लोंबणारी हिरवट पिशवी हा त्याचा सरळ अर्थ नव्हे. मराठीत आपण तो जुना शब्द नव्या शारीरातील एका ठराविक अवयवासाठी योजला आहे. ‘याला पित्ताशय नाही’ असे म्हणताच रोग्याच्या नातेवाइकांच्या मनात ‘म्हणजे याच्या अंगात पित्तच होत नाही काय?’ हा प्रश्न उभा राहतो तो या द्वयर्थामुळे. पित्त यकृतात होते, दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर होते, आणि पित्ताशय नसल्यास ते थेट आतड्यात झिरपत राहते, एवढे त्यांना सांगितले पाहिजे.

आता ही उणीव उत्पन्न कशी होते ते पाहू. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अग्रांत्राच्या पुढल्या बाजूस एक लहानसा फुगवटा निघतो. त्याचा वरचा भाग वाढून यकृत व यकृतातील पित्तमार्ग होतो. खालच्या भागातून एक छोटा अंकुर फुटतो व त्यापासून पित्ताशय आणि पित्ताशयनलिका तयार होतात. आरंभी या अंकुराच्या देठात पेशी ठासून भरलेल्या असतात व पुढे त्यांत पोकळी पडते. हा अंकुर मुळीच फुटला नाही, किंवा फुटून त्यात पोकळी पडली नाही व तो सुकून गेला, तर पित्ताशय होत नाही. दोन्ही अंकुरांचा मार्ग आरंभीच वेगळा झालेला असल्याने उरलेला पित्तमार्ग निर्दोष राहू शकतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या अर्भकात सर्वच बाह्य पित्तमार्ग बंद असतो तो विकार अगदी निराळा; तो आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच काविळीने प्रकट होतो व उपचारावाचून प्राणघातक ठरतो. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

गेल्या दोन-तीन दशकांत उंदरांवरील प्रयोगांनी या अंकुराच्या जडणघडणीवर बराच प्रकाश पाडला आहे. सॉक्स-१७ नावाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी केली तर उंदराचे पित्ताशय खुरटे राहते. एचएनएफ-६ किंवा एलजीआर-४ ही जनुके पूर्णपणे काढून टाकली तर ते होतच नाही. मनुष्यांत गाटा-६ व आरएफएक्स-६ या जनुकांतील दोषांमुळे स्वादुपिंडाच्या गंभीर व्यंगाबरोबर पित्ताशयाचाही अभाव आढळला आहे. परंतु इतर कोणतेही व्यंग नसलेल्या प्रौढ माणसात केवळ पित्ताशयच का नसावे, याचे बोट ठेवून सांगता येईल असे एकच कारण नाही. बहुतेक प्रकरणे सुटी असतात. काही कुटुंबांत मात्र एकाहून अधिक व्यक्तींत ही उणीव दिसून आली आहे.

प्रमाणाविषयी जे आकडे दिले जातात ते दर लाख लोकसंख्येस १० ते ६५ असे आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. हेच प्रमाण येथे लावले, आणि ते लावण्यास निराळा आधार नाही हे मान्य करूनही लावले, तर या एका जिल्ह्यात सुमारे २६० ते १,६८० माणसे पित्ताशयावाचून हिंडत फिरत असावीत असा हिशेब निघतो. अपूर्व वाटणारी गोष्ट अशी संख्येत मांडली म्हणजे तिचे स्वरूप पालटते. एखाद्या शल्यविशारदाच्या सबंध कारकिर्दीत ती एकदा समोर येईल, कदाचित येणारही नाही. पण जिल्ह्यातील सर्व शस्त्रक्रियागृहे मिळून पाहिली तर ती कुठे ना कुठे येणारच.

या आकड्यांत एक कोडे आहे. रोगी म्हणून पुढे आलेल्यांत स्त्रिया पुरुषांच्या तिप्पट असतात. शवविच्छेदनात मात्र स्त्रीपुरुषांचे प्रमाण सारखेच भरते. मग ही उणीव स्त्रियांत अधिक असते असे म्हणावे काय? मुळीच नव्हे. पित्ताश्मरी, म्हणजे पित्तखडे, स्त्रियांत अधिक होतात; म्हणून उजव्या बरगडीखाली दुखते अशी तक्रार एखाद्या स्त्रीने केली की पित्ताशयाची तपासणी तत्काळ होते आणि त्या ओघात शस्त्रक्रियाही अधिक होते. जेथे अधिक शोधले जाते तेथे अधिक सापडते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी रुग्णालयीन आकडेवारी वाचताना हा भेद सदैव मनात वागवावा. आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. छापून आलेली प्रकरणे काही शेकडा आहेत, पण छापून येतात ती बहुधा सुखरूप पार पडलेली. शोध घेताना नलिका कापली गेली असे वृत्त लिहून पाठविण्याची उमेद थोड्यांनाच असते.

बेनियन, थॉम्पसन व टॉम्पकिन्स यांनी १९८८ साली या अवस्थेचे तीन गट पाडले, ते व्यवहारात उपयोगी आहेत. पहिल्या गटात अनेक जन्मजात व्यंगे असलेली अर्भके येतात : हृदयाच्या पडद्यातील छिद्र, बंद गुदद्वार, अन्ननलिका व श्वासनलिका यांचा अनैसर्गिक जोड इत्यादी, ती प्रायः त्या व्यंगांमुळेच दगावतात व पित्ताशयाचा अभाव शवविच्छेदनात कळतो. दुसरा गट निरामय माणसांचा. तिसऱ्या गटात लक्षणे असलेली माणसे येतात आणि ज्ञात प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक याच गटातील आहेत. त्यांची लक्षणे अशी : उजव्या बरगडीखाली दुखणे, मळमळ, वांती, तळकट पदार्थ न सोसणे, क्वचित कावीळ. म्हणजे पित्ताश्मरीच्या रोग्याची जी लक्षणे तीच तंतोतंत. नसलेला अवयव दुखतो हा चमत्कार वाटेल. त्याची मीमांसा पुढे येईल.

शल्यक्रियेचा प्रश्न नीट कळावा म्हणून आपण एक रुग्णा कल्पू. नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान वसलेले, बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्या तालुक्यातील चाळिशीची एक शेतकरी स्त्री पोटात दुखते म्हणून बाजाराच्या दिवशी गावात येते. डॉक्टर सोनोग्राफी करावयास सांगतात. तपासणीपूर्वी सहा ते आठ तास उपाशी राहावयाचे असते, कारण अन्न पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावते व धड दिसत नाही. पहाटेच्या एस.टी.ने निघालेल्या बाईने स्थानकावर चहा घेतलेला असतो आणि दुधाच्या चहाने उपास मोडतो असे तिला वाटत नाही. तपासणाऱ्याला यकृताखाली पिशवी दिसत नाही. तिच्या जागी काही चकचकीत प्रतिध्वनी आणि त्यामागे एक छाया दिसते. तो लिहितो : ‘पित्ताशय आकसलेले, आत खडे असण्याचा संभव.’ हा कागद घेऊन बाई खामगावास किंवा अकोल्यास शल्यविशारदाकडे जाते. तेथे लक्षणे जुळतात, कागद जुळतो, आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो.

यात कोणी हलगर्जीपणा केला असे म्हणता येणार नाही. खड्यांनी भरलेले, आकसलेले पित्ताशय ध्वनिलहरींत खरोखरच असे दिसते : पुढे भिंतीची रेघ, मागे खड्याचा प्रतिध्वनी, त्यामागे छाया. परंतु आद्यांत्रातील वायू व यकृताच्या द्वाराशी असलेल्या पर्युदराच्या घड्याही हुबेहूब हेच चित्र निर्माण करू शकतात. सोनोग्राफी पित्ताश्मरी ओळखण्यात शंभरांत सुमारे पंच्याण्णव वेळा यशस्वी होते, आणि तिच्यावरचा हा रास्त विश्वासच येथे फसवतो. ज्याने सहस्रावधी पित्ताशये पाहिली आहेत त्याच्या मनात ‘पित्ताशय नसेल’ हा पर्याय येतच नाही. ‘दिसत नाही’ याचा अर्थ तो ‘आकसले आहे’ असाच करतो.

या ठिकाणी आपल्या दर्शनकारांची एक चर्चा आठवल्यावाचून राहत नाही. अभावाचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते याविषयी नैयायिक आणि भाट्ट मीमांसक यांचा मोठा वाद आहे. कुमारिल भट्टाचे अनुयायी व त्यांच्यामागून अद्वैती यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते मानले नाही. परंतु एका मुद्द्यावर उभय पक्षांचे ऐकमत्य आहे. केवळ न दिसणे हा अभावाचा पुरावा नव्हे. योग्य अनुपलब्धी हवी. म्हणजे ती वस्तू तेथे असती तर ती खात्रीने दिसली असती अशी सर्व परिस्थिती अनुकूल असूनही ती न दिसली, तरच ती नाही असे म्हणता येते. उजेड असताना जमिनीवर घागर दिसली नाही तर घागर नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध झाले नाही. पित्ताशयाच्या अभावाचे निदान हा या नियमाचा इतका चोख दाखला आहे की तो न्यायाच्या वर्गात सांगावा. चहा घेऊन आलेल्या रुग्णेच्या पोटातील वायूतून सोनोग्राफीने केलेले अवलोकन हे अंधारातले अवलोकन होय. त्यावरून ‘पित्ताशय आहे पण आकसले आहे’ असे म्हणणे जितके निराधार, तितकेच ‘ते नाही’ असे म्हणणेही निराधार.

जुन्या परीक्षांतही हीच अडचण होती. १९२४ साली ग्रॅहॅम व कोल यांनी पित्ताशयात उतरणारे रंजकद्रव्य देऊन त्याचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत शोधून काढली व ती पुढे पन्नासएक वर्षे प्रमाण मानली गेली. तीत पित्ताशय उमटले नाही तर ‘ते रोगाने निकामी झाले आहे’ असा निष्कर्ष काढीत. किरणोत्सर्गी द्रव्याची जी परीक्षा हायडा या नावाने ओळखली जाते तिच्यातही पित्ताशय न उमटणे म्हणजे पित्ताशयनलिका अडली असणे, आणि म्हणून तीव्र दाह, असे समजतात. तीनही परीक्षांत शून्याचे वाचन एकाच दिशेने केले जाते. रोगाच्या दिशेने, कारण रोग नेहमीचा व अभाव विरळा.

आता शस्त्रक्रियागृहात येऊ. कार्ल लांगेनबुख याने १८८२ साली बर्लिन येथे पहिल्यांदा पित्ताशय काढले तेव्हापासून शंभर वर्षे ही शस्त्रक्रिया पोट उघडून होत असे. शल्यविशारदाचा हात यकृताखाली फिरे. डोळ्यांना न दिसणारे बोटांना कळे. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे आणि १९८७ साली फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी ती दुर्बिणीने केली. भारतात हा मान मुंबईचे डॉ. तेहेमतन उदवाडिया यांचा. १९७२ पासून ते शल्यचिकित्सेत दुर्बिणीचा उपयोग करीत होते व १९९० साली त्यांनी मुंबईत दुर्बिणीने पित्ताशय काढले. आज ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या व मोठ्या तालुक्यांच्या गावी रोज होते, आणि ते इष्टच आहे. मात्र तीत हाताचा स्पर्श गेला, हे विसरून चालणार नाही.

नेहमीच्या शस्त्रक्रियेचा सारा क्रम पित्ताशयावरच आधारलेला आहे. त्याचा वरचा घुमट चिमट्याने धरून वर ओढला की यकृत उचलले जाते व खालचा प्रदेश उघडा होतो. मग पित्ताशयाची मान बाजूस ताणून जाँ-फ्रान्स्वा कालो याच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोण साफ करतात. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली घालून दिलेला नियम असा की, त्रिकोण निर्मळ झाल्यावर पित्ताशयाकडे जाणाऱ्या केवळ दोनच रचना, एक नलिका व एक रोहिणी, दिसल्या पाहिजेत आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झालेला असला पाहिजे. तोवर काहीही कापू नये. नियम उत्तम आहे. परंतु जेथे घुमट नाही, मान नाही, त्रिकोणाची एक बाजूच नाही, तेथे तो लावावयाचा कसा?

धरावयास काही नसल्यामुळे यकृत नीट उचलले जात नाही व पित्तमार्ग झाकलेलाच राहतो. शल्यविशारदाची प्रथम समजूत अशी होते की, जुन्या दाहाने पित्ताशय आकसून चिकटलेल्या तंतूंत दडले आहे. तो तंतू सोडवू लागतो. सोडवता सोडवता एक बारीक, पाचसहा मिलिमीटर रुंदीची नळी समोर येते. ती आहे सामाईक पित्तनलिका. पण ज्याला पित्ताशयनलिका सापडावयाची आहे त्याला ती पित्ताशयनलिका वाटते. चिमटे लागतात, कात्री चालते. किंवा ती नलिका हेच आकसलेले पित्ताशय असे समजून तो तिला वर यकृताच्या द्वारापर्यंत सोडवीत जातो. यकृताची उजवी रोहिणी व यकृताकडे जाणारी मोठी नीला तेथेच आहेत. दुर्बिणीच्या सामान्य शस्त्रक्रियेतसुद्धा हजारी तीन ते पाच रोग्यांच्या पित्तनलिकेस इजा होते. येथे तर इजेचा मार्ग जणू आखून ठेवलेला असतो. आणि या इजेचे परिणाम क्षुल्लक नाहीत : पित्त पोटात झिरपणे, नलिका आकसणे, वारंवार थंडीताप व कावीळ, आतड्याचा तुकडा यकृताच्या द्वाराशी जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया, आणि काही दुर्दैवी रोग्यांत कालांतराने यकृताचा कठीणपणा. जी स्त्री पोटदुखीची तक्रार घेऊन आली व जिच्या शरीरात काढण्यासारखे काहीच नव्हते, ती जन्माची रोगी होऊन परतते.

शोध का थांबत नाही, याची कारणे केवळ शास्त्रीय नाहीत. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर शल्यविशारद बाहेर येऊन काढलेले खडे बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवितो. तो पुरावा असतो, आणि पैसे उसने काढून आलेल्या कुटुंबाला तो पुरावा हवाही असतो. ‘आत पित्ताशयच नव्हते, आम्ही काहीही न काढता पोट मिटले’ हे वाक्य बाहेर येऊन उच्चारणे सोपे नाही. ऐकणाऱ्याला ते अज्ञानाचे किंवा लबाडीचे वाटते. रिकाम्या हाताने बाहेर येण्याची ही धास्ती चिमट्याला आणखी अर्धा इंच खोल नेते. अध्यापकांनी हे विद्यार्थ्यांपुढे उघडपणे बोलले पाहिजे असे मला वाटते. शल्यशास्त्राच्या ग्रंथांत याला जागा नसते.

मग अभाव सिद्ध करावा कसा? पित्ताशय नेहमीच्या जागी नसले तरी अन्यत्र असू शकते : यकृताच्या आत पूर्णपणे दडलेले, डाव्या बाजूस, दात्राकार बंधात, लघु वपेत, आद्यांत्राच्या किंवा स्वादुपिंडाच्या मागे. या सर्व जागा पाहिल्यावाचून ‘नाही’ म्हणता येत नाही, ही योग्य अनुपलब्धीची अट आहे. फ्राय व त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली असा आग्रह धरला की, शस्त्रक्रियेतच पित्तमार्गात रंजकद्रव्य घालून क्ष-किरण चित्र घ्यावे. त्या काळी तो आग्रह अगदी योग्य होता, कारण निर्णय लावण्याचे दुसरे साधनच नव्हते. दुर्बिणीच्या युगाच्या आरंभी म्हणूनच असा उपदेश केला जाई की, पित्ताशय न सापडल्यास पोट उघडावे, सर्व जागा धुंडाळाव्यात व चित्र घ्यावे.

आज परिस्थिती बदलली आहे. एम.आर.सी.पी. या चुंबकीय तपासणीत रंजकद्रव्य टोचावे लागत नाही, पित्ताच्या प्रवाहावर ती अवलंबून नसते, आणि सबंध पित्तमार्ग झाडाच्या फांद्यांसारखा उमटतो. पित्ताशय कुठेही दडलेले असले तरी बहुधा दिसते. दार्शनिकांच्या भाषेत बोलावयाचे तर हा दिवा आहे. तेव्हा आता अनेक शल्यविशारदांचे मत असे बनले आहे, आणि ते मला सर्वथा ग्राह्य वाटते, की दुर्बिणीतून यकृताखाली पित्ताशय नाही व त्याची खोबणही नाही असे दिसले की सोडवासोडव न करता थांबावे, दुर्बीण बाहेर काढावी, छिद्रे मिटावीत आणि रोगी शुद्धीवर आल्यावर एम.आर.सी.पी. करावी. शस्त्रक्रियेत चित्र घेण्यासाठी पित्ताशयनलिका नसल्याने सामाईक नलिकेतच सुई घालावी लागते, आणि त्या सुईने होणारी इजा ही तर पत्करलेलीच इजा होय. दुर्बिणीतून चालणारे ध्वनियंत्र हाताशी असेल तर त्याचा, किंवा इंडोसायनिन हिरव्या रंगद्रव्याने पित्तमार्ग चकाकविण्याच्या पद्धतीचा, उपयोग करून तेथल्या तेथे खात्री करता येते; पण हे साधन सर्वत्र नाही. थांबणे सर्वत्र शक्य आहे. चुंबकीय चित्रात पुढे अस्थानी पित्ताशय व त्यात खडे आढळलेच, तर नकाशा हाती घेऊन दुसरी शस्त्रक्रिया करता येईल. कापलेली नलिका मात्र पूर्ववत होत नाही.

त्याहूनही चांगले म्हणजे हा प्रसंग येऊच न देणे. सोनोग्राफीच्या वृत्तात ‘आकसलेले’, ‘स्पष्ट दिसले नाही’, ‘खड्यांनी भरलेले असावे’ असे शब्द आले की ते निदान समजू नये. ती एक शंका आहे. रुग्णेला खरोखर उपाशी ठेवून तपासणी पुन्हा करावी. उपास म्हणजे चहाही नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगावे. पूर्वी कधी पित्ताशय काढले आहे काय, हेही विचारावे; कागद हरवलेले असतात आणि ‘पोटाचे ऑपरेशन झाले होते’ एवढेच स्मरणात असते. दुसऱ्यांदाही पित्ताशय उमटले नाही तर शस्त्रक्रियेआधी एम.आर.सी.पी. करावी. तालुक्याच्या गावी ती सोय नसल्यास मोठ्या गावी पाठवावे लागेल, खर्च होईल, एक दिवस मोडेल. त्याच्याशी तुलना करावयाची ती भूल, शस्त्रक्रिया आणि वर वर्णन केलेला धोका यांच्याशी.

नसलेला अवयव दुखतो कसा, या प्रश्नाकडे आता वळू. याची कारणे एकाहून अधिक आहेत. पित्ताशय नसल्यास कोठाराचे काही काम सामाईक पित्तनलिकेवर पडते. ती कित्येकांत रुंदावलेली आढळते. नलिकेच्या तोंडाशी ओडी याच्या नावाने प्रसिद्ध असलेले स्नायुवलय असते. ते अवेळी आवळले गेले म्हणजे पित्ताचा दाब वाढतो व कळ येते. साचलेल्या पित्तात खडेही होतात. लक्षणे असलेल्या रोग्यांपैकी चतुर्थांश ते निम्म्या जणांच्या सामाईक नलिकेत खडे सापडल्याचे वृत्तांत आहेत. खडे असल्यास ते तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने स्नायुवलय छेदून काढता येतात. खडे नसल्यास स्नायूंचा आकस कमी करणारी औषधे पुष्कळांना पुरतात. आश्चर्याची गोष्ट ही की, काहीही न काढता केवळ पोटात दुर्बीण घालून परत आलेल्या रोग्यांपैकी अनेकांची वेदना थांबली असे नमूद आहे. चिकटलेले तंतू सुटल्याने हे झाले, की शस्त्रक्रिया झाली या समाधानाने, याचा निर्णय त्या वृत्तांतांवरून होत नाही.

शेवटी एका व्यावहारिक बाबीचा उल्लेख करतो. अभाव एकदा सिद्ध झाला की तो रुग्णेच्या घरी सोडण्याच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावा : ‘या व्यक्तीस जन्मतः पित्ताशय नाही. एम.आर.सी.पी. तपासणीने खात्री केली आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही.’ तारीख घालावी व चित्राची एक प्रत तिच्याजवळ द्यावी. तिच्या पोटावर दुर्बिणीच्या छिद्रांचे वण असतील तर ते पाहून पुढील वैद्य ‘पित्ताशय काढले आहे’ असे समजेल. वण नसतील तर चार वर्षांनी दुसऱ्या गावी दुसरा तपासणारा पुन्हा ‘आकसलेले’ असे लिहील. तिच्या भावंडांना व मुलांना पोटदुखीची तक्रार असल्यास त्यांचीही सोनोग्राफी करावी आणि तपासणाऱ्याला घरातील ही गोष्ट आधी सांगावी. लक्षणे नसलेल्या नातेवाइकांना मात्र या कामी तपासणीस पाठविण्याचे प्रयोजन नाही.